खाडीत एसटीची बोट का नको?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईहून जयगड-विजयदुर्गापर्यंत रो-रो बोट नेण्याच्या बातम्या वाचतो आहे. चाकरमान्यांच्या गाड्या बोटीत चढतील, गणपतीत महामार्गावरचे हाल वाचतील, चांगलंच आहे. पण या सगळ्या चर्चेत खाडीकाठचा माणूस कुठेच नाही. ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याला मुंबईला नव्हे तर तालुक्याच्या गावी जायचंय, त्याच्यासाठी बोट कोण सोडणार? एवढंच विचारायचं आहे, पण त्याआधी केरळातला आमचा प्रवास सांगतो.

मी एसटीत वाहक होतो. गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठी राहतो. सौ.चं माहेर समोरच्या काठावर, दापोली तालुक्यात. निवृत्त झाल्यावर, २०१९च्या जानेवारीत, आम्ही दोघं चिपळूणला नेत्रावतीत बसलो, कोल्लमला उतरलो आणि तिथून एर्नाकुलमकडे जमेल तेवढं पाण्यातूनच गेलो. हाउसबोटीचं एका रात्रीचं भाडं ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात आपलं घर शाकारून होईल." मग केरळ सरकारच्या जलवाहतूक विभागाच्या साध्या बोटींनी निघालो. हा विभाग १९६८ सालचा. आपली जशी एसटी, तशी त्यांची पाण्यातली.

कोल्लमची जेटी सरकारी बसस्थानकाला लागूनच आहे. बसमधून उतरायचं आणि बोटीत बसायचं, मध्ये रिक्षा नाही की डोंगर उतरणं नाही. तिथून आलप्पुळा, म्हणजे आपल्या जुन्या तोंडातलं अलेप्पी, दिवसभराचा प्रवास. सकाळी साडेदहाला निघालेली बोट दिवेलागणीला पोचली. ही फेरी पर्यटकांची असली तरी वाट व्यापाराची आहे. कोल्लम ते कोट्टपुरम हा जलमार्ग १९९३ मध्येच राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ म्हणून जाहीर झाला. अष्टमुडी तलाव सुटला की डावीकडे माडांच्या पट्टीपलीकडे समुद्राची गाज ऐकू येते आणि आपण मात्र शांत पाण्यातून चाललेलो असतो. त्रिकुन्नपुळ्याला बोट थांबली. तिथे खारं पाणी वर शेताकडे चढू नये म्हणून कालव्याला दरवाजे घातले आहेत. सौ. उठून पुढे जाऊन बघत राहिली. तिच्या माहेरची भातजमीन खारबंदिस्तीतली, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवलेली; बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी वेळेवर पडली नाही तर काय होतं ते तिला सांगावं लागत नाही. पुढे पल्लना लागतं. मल्याळी कवी कुमारन आशान १९२४ मध्ये इथेच बोट उलटून गेले, काठावर त्यांचं स्मारक आहे.

पण मला खरी बघायची होती ती रोजची बोट. ती आलप्पुळ्याहून कोट्टायमकडे जाताना मिळाली. अडीच तासांचा प्रवास, तिकीट चहा-वड्याच्या पैशात. पुढे सुकाणूवर तांडेल, मागे इंजिनापाशी ड्रायव्हर, दोघांची नजरानजर नाही. मध्ये फक्त एक दोरी आणि घंटा. तांडेल दोरी ओढतो, ड्रायव्हर त्या ठोक्यांवर वेग कमी करतो, थांबवतो, उलटा मारतो. आयुष्यभर टिंगटिंग करत आलेला माणूस मी, तिथून हललोच नाही. धक्का म्हणजे कुठे चार दगडी पायऱ्या, कुठे नुसता ओटा. खलाशी खांबाला दोरीचा वेढा टाकून बोट धरून ठेवतो, तोवर एक म्हातारी रेशनची पिशवी घेऊन चढते, दोन शाळकरी पोरी उतरतात, वेढा सुटतो, घंटा. आमच्या गाडीला घाटातल्या विनंती थांब्यावर याहून जास्त वेळ लागायचा. एकदा पंख्यात जलपर्णी अडकली. खलाशाने बांबू घातला, ओढून काढली, कुणी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा कुट्टनाड. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे बोट वरून जाते आणि बांधापलीकडची हिरवी खाचरं खाली दिसतात. २०१८च्या ऑगस्टमधल्या पुराच्या खुणा आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर होत्या. त्या पुरात कुट्टनाडची माणसं हलवायला याच बोटी धावल्या. बोटी जागेवर होत्या, खलाशांना वाटा माहीत होत्या. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, लोक छपरांवर बसून बोटींची वाट बघत होते, तेव्हा मला हे आठवलं. वाशिष्ठीच्या काठचं शहर, आणि बोट बाहेरून यावी लागली.

पुढे कुमरकोमहून वेंबनाड तलाव ओलांडून मुहम्मा गाठलं. याच पाण्यात २७ जुलै २००२ला याच विभागाची बोट बुडून २९ माणसं गेली होती. सौ.ला सांगितल्यावर ती आधी लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते शोधायला गेली. आपल्याकडे बोट म्हटलं की १९४७ला बुडालेल्या रामदास बोटीची आठवण निघते, सहाशेवर माणसं गेलेली. आणि १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट आदळून उतारूंची बोट बुडाली, तेही कुणी विसरलेलं नाही. भीती खोटी नाही. पण मुहम्म्याची फेरी आजही चालू आहे. घाटात गाडी पडली म्हणून आपण एसटी बंद करत नाही.

तवणक्कडवू ते वैकोम ही फेरी 'आदित्य' बोटीने केली. देशातली ही पहिली सौर प्रवासी बोट, जानेवारी २०१७ पासून चालते. छतावर पॅनल, आत ७५ माणसं, आणि आवाज इतका कमी की शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द कळलं असतं, मल्याळम येत असतं तर! भाडं तेव्हा दहा रुपयांच्या आत होतं. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये कोचीत विजेच्या बोटींची वॉटर मेट्रोही सुरू झाली.

आता आपल्याकडे. २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांत दाभोळ खाडी-वाशिष्ठी आहे, सावित्री आहे, जयगडची शास्त्री आहे, कुंडलिका आहे, राजपुरीची खाडी आहे. कागदावर माझ्या अंगणासमोरून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ जातो! प्रत्यक्षात त्यावरून उतारूंची बोट जात नाही. पूर्वी मुंबईची आगबोट दाभोळला लागली की चिपळूणची माणसं लाँचने वाशिष्ठीतून गोवळकोटला यायची, हे आमच्या वडिलांच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं.

केरळची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही, हेही मान्य. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो, आपल्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटरांहून जास्त. तिथल्या पायऱ्या इथे ओहोटीला चिखलात उघड्या पडतील. म्हणून धक्के तरंगते हवेत, कोचीच्या वॉटर मेट्रोला आहेत तसे. गाळाचं दुखणं वेगळं, तो पुरासाठीही काढायचाच आहे. आणि वेळापत्रक छापताना अडचण वाटली तर कुठल्याही कोळ्याला विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. फेऱ्या भरतीबरोबर सरकवाव्या लागतील. लोकांना ते नवीन नाही.

राहिला तोट्याचा प्रश्न. केरळचा हा विभागही तिकिटांवर चालत नाही, सरकार भार सोसतं. खेड्यातल्या मुक्कामी गाड्याही आम्ही फायद्यासाठी नेल्या नव्हत्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी आडवी जोडली, त्याने चिपळूणचा वळसा वाचला आणि सौ.चं माहेर जवळ आलं, याबद्दल दुवाच आहे. पण ती काठ जोडते, गावं नाही. खाडीच्या लांबीतली गावं अजून टेकडी चढून रस्त्यावर येतात आणि गाडीची वाट बघतात.

माझं म्हणणं मोठं नाही. एसटी महामंडळ आणि राज्याची बंदरं बघणाऱ्या मेरीटाइम बोर्डाने मिळून एकच बोट घ्यावी, विजेची घेतली तर उत्तम. दाभोळ ते गोवळकोट, दोन्ही काठांवर थांबे, तेच तिकीट, त्याच सवलती, महिलांना अर्धं भाडं. गोवळकोटच्या धक्क्यावर चिपळूण स्थानकाची गाडी उभी हवी. वर्षभर चालवून बघावी.

सौ.ची एक सूचना आहे, तीही छापावी. पहिली बोट भरती बघून सुटो, पण कोर्टाच्या आणि दवाखान्याच्या माणसांना अकराच्या आत चिपळुणात पोचवणारी एक फेरी रोज हवीच, आणि ओहोटीमुळे ज्या दिवशी ती जमणार नाही त्या दिवशी त्याच तिकिटावर एसटी सोडावी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी