नॅटच्या कोठारावरील छपरासाठी आवाहन

सातारा व परिसरातील माजी सैनिक, वीरपत्नी आणि हितचिंतक यांस,

स. न. वि. वि.

मंडळाच्या आवारातील जुन्या दगडी कोठारात उभे असलेले आपले नॅट हे लढाऊ विमान आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेच. मूळ आराखडा ब्रिटनच्या फॉलंड कंपनीचा असला तरी ही विमाने बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येही बांधली गेली, १९६५ च्या युद्धात त्यांनी पाकिस्तानच्या सेबर विमानांना जेरीस आणले, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना नॅटमधूनच झेपावलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों हे परमवीरचक्राचे हवाई दलातील आजवरचे एकमेव मानकरी ठरले. पंखांचा विस्तार जेमतेम २२ फूट; तरीही ते आत घेताना दाराची एक बाजू फोडावी लागली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

विमान आजवर टिकले ते आपल्या सार्जंट काकांमुळे. एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ) म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचा एकेक पॅनेल उघडून स्वच्छ केला. रंगाचे पैसे न घेणारे पेठेतील दुकानदार, प्रत्येक श्रमदानाला पिठलं-भाकरी घेऊन येणाऱ्या अपशिंग्याच्या भगिनी आणि खाऊचे पैसे डब्यात टाकणाऱ्या शाळकरी मुली यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

मात्र गेल्या आषाढात आढ्याजवळची कौले सरकली आणि डाव्या पंखावर धार लागली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असले आणि पाणी साचले, की आधी पत्राच झिजतो. रिव्हेटांभोवती आता पांढरी भुकटी धरली असून बोट फिरवले की ती हाताला लागते. प्रजासत्ताक दिनी विमानासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते. गेल्या श्रमदानाला मात्र आम्ही नऊजण होतो, त्यांपैकी सहाजण सत्तरी ओलांडलेले. तक्रार नाही, केवळ नोंद करीत आहे.

छपरासाठी १,८५,००० रुपये लागणार असून काम मेअखेर पूर्ण व्हावयास हवे. देणगी रोख वा धनादेशाने कार्यालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत (रविवार सोडून) द्यावी व पावती घ्यावी. वासे, कौले, ताडपत्री वस्तुरूपानेही चालेल. श्रमदान दर रविवारी सकाळी ७ वाजता. शिडी असल्यास सोबत आणावी, मंडळाची मोडली आहे.

आपला,
सचिव