दादा, देव बरें करूं!

प्रिय दादा,

तुझे आभार कॉलवर मानायला गेले की तू लगेच "बरं बरं, चल डनजन लाव" म्हणून विषय बदलतोस (डनजन म्हणजे आपल्या गेममधली पाच जणांची मोहीम), म्हणून लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हाताला काहीतरी झालं म्हणून गेम सोडून बसलेलं अजून कोणी असेल तर त्यालाही कळू दे.

मागच्या जूनमध्ये बोरीच्या पुलाजवळ पावसात माझी स्कूटर घसरली आणि डाव्या हाताला प्लास्टर पडलं. प्लास्टर निघालं तरी करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट नीट वळेना. घरची कामं कशीतरी निभावली, पण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये मी ड्रुइड, तीही हीलर, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारी, आणि माझे निम्मे स्पेल (मंत्र) शिफ्ट आणि कंट्रोल धरून मारायचे, म्हणजे सगळा भार करंगळीवर. दहा मिनिटांत हात ठणकायला लागायचा. शेवटी ग्रुपला सांगून टाकलं की दुसरा हीलर बघा. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईला कारण काय सांगणार, गेम सुटला म्हणून पोर रडतेय हे तिला कसं कळणार.

त्याआधी मी माझ्या परीने सगळं करून बघितलं होतं. कुणी म्हणालं एल्व्हयूआय टाक (गेमची सगळी स्क्रीन बदलणारं अॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), टाकलं, कुणाचं तरी तयार प्रोफाइल त्यात ओतलं, वर हीलिंगसाठीचं व्हूडू, वर अजून पंधरा-वीस अॅडऑन, आणि स्क्रीन म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झाला, कुठे काय मांडलंय ते शोधेपर्यंत टँक (पुढे उभा राहून मार खाणारा) मेलेला असायचा. मग बाजूला बारा बटणं असलेला महागडा माऊस घ्यायला निघाले होते.

तेव्हा तू ग्रुपमध्ये नवीन, डिचोलीचा एवढंच माहीत होतं. तूच मेसेज केलास की माऊस घेऊ नकोस, आधी अर्धा तास दे. मला वाटलं आता अजून एक अॅडऑनची यादी येणार. पण तू अॅडऑनचं नावच काढलं नाहीस. म्हणालास, डावा हात कीबोर्डवर ठेव, फोटो पाठव, आणि एकेक बटण दाबून सांग, दुखतं की नाही. आपण बसलो होतो सकाळचे, बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजत होता, आणि मी सांगत होते, क्यू नाही, डब्ल्यू चालतं, ई चालतं, आर चालतं, एफ चालतं, १ नाही, ३ चालतं, स्पेस अगदी आरामात. अंगठ्यापाशी आल्यावर तू थांबलास आणि विचारलंस, "ऑल्ट कुठल्या बोटाने दाबतेस?" अंगठ्याने! इतकी वर्षं खेळून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, शिफ्ट-कंट्रोलचं काम ऑल्टवर घेतलं तर करंगळीची गरजच उरत नाही.

मग सगळे अॅडऑन बंद करायला लावलेस, डिलीट नाही, फक्त बंद. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून गेममध्येच स्क्रीनची मांडणी बदलायचा एडिट मोड आहे, त्यानेच पार्टीच्या फ्रेम (प्रत्येकाचं नाव आणि जीव दाखवणाऱ्या पट्ट्या) ओढून स्क्रीनच्या मध्याजवळ आणल्या, त्यासाठी काही टाकावं लागलंच नाही. त्यानंतर क्लिक (Clique) नावाचं अॅडऑन. फ्रेमवर लेफ्ट क्लिक केलं की रिजुव्हनेशन, राइट क्लिकला रीग्रोथ, ऑल्ट आणि लेफ्टला स्विफ्टमेंड (हे तिन्ही जीव भरून काढायचे स्पेल), मधल्या बटणाला डिस्पेल (विष-शाप उतरवायचा), टार्गेट निवडायचीसुद्धा गरज नाही. व्हूडू का नको तेही नीट सांगितलंस, ते आपल्या स्वतःच्या फ्रेम मांडतं आणि त्याच्या सेटिंगमध्येच माणूस हरवतो, आपल्याला फ्रेम आहेत त्याच हव्यात, फक्त क्लिक बदलायचाय. मग दोन दिवस थांबायला लावलंस. दोन दिवसांनी ओपाय नावाचं अॅडऑन, बटण धरलं की कर्सरभोवती गोल रिंग उघडते, माऊस हलवून सोडलं की झालं, त्यात माउंट, पोशन, टेलिपोर्ट असलं सगळं जे घाईत लागत नाही. शेवटी बार्टेंडर, तेही फक्त नको असलेले बटणांचे बार लपवायला. तीन अॅडऑन, बस.

मी मध्येच विचारलं होतं की कुणाला हील करायचं ते अॅडऑननेच ठरवलं तर माझा हात वाचेल ना. त्यावर तू डिकर्सिव्ह नावाच्या अॅडऑनची गोष्ट सांगितलीस, की पूर्वी ते एका बटणावर स्वतःच माणूस निवडून डिस्पेल करायचं आणि डिसेंबर २००६ च्या २.० पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) हे बंद झालं, तेव्हापासून लढाईत गेम अॅडऑनला तुझ्या वतीने निर्णय घेऊ देत नाही, बटणंही हलवू देत नाही. "डोकं तुझंच लागणार, आपण फक्त बोटाचं ओझं कमी करतोय," असं म्हणालास. मला ते फार बरं वाटलं, कारण हीलिंग मला आवडतं ते त्या निर्णयांसाठीच.

आणि ती ऑगस्टमधली रात्र! दोन तास बसून सगळे क्लिक लावले, पावसात लाइट गेली, परत आली तर सगळं कोरं. मी रडवेली झाले होते. तू शांतपणे सांगितलंस की सेटिंग डिस्कवर लिहिली जातात ती लॉगआउट किंवा रीलोड केल्यावरच, त्यामुळे दर बदलानंतर रीलोडची कमांड मार, आणि आठवड्याला ही सेटिंग जिथे असतात त्या डब्ल्यूटीएफ फोल्डरची कॉपी काढून ठेव. मग रात्री साडेबारापर्यंत बसून परत सगळं लावून घेतलंस, दुसऱ्या दिवशी तुला कामावर जायचं होतं तरी.

गेल्या गणेश चवथीनंतर मी पहिल्यांदा पूर्ण डनजन हील केलं, पाचही जण शेवटपर्यंत जिवंत, आणि हात ठणकला नाही. कॉल संपल्यावर मी नुसती बसून राहिले होते थोडा वेळ.

आता करंगळी बरीच वळते, पण ऑल्ट मी सोडलं नाही. कुठलं बोट कुठे पोचतं ते तू कागदावर काढून फोटो पाठवला होतास ना, तो प्रिंट करून मॉनिटरला चिकटवलाय. यंदा चवथीला फोंड्याला घरी ये. आईला सगळं सांगितलंय, तुझ्यासाठी नेवऱ्यांचा डबा वेगळा काढून ठेवणार म्हणाली.

देव बरें करूं, दादा.

तुझी,
फोंड्याची ड्रुइड