मोह वेचणाऱ्या बाईला आधी जाळी द्या, ध्यान मागाहून शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोहफुलांपासून वाईन, सरबत, लाडू करून बायांच्या हातात पैसा यावा, ही चर्चा आता प्रत्येक बैठकीत होते. त्याला अलीकडे 'महिलांचे मानसिक स्वास्थ्य' या विषयाची जोड मिळाली आहे. म्हणजे सभागृहात सतरंज्या, डोळे मिटा, श्वासाकडे बघा. त्यात वाईट काही नाही. पण मोह वेचणाऱ्या बाईची आधी कंबर जाते, मग अंगातले पाणी जाते, आणि मनाचा नंबर त्यानंतर लागतो. इलाजाचा क्रमही तोच हवा.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे वाईन इथे होणार नाही, फूल मात्र इथलेच जाणार. हे फूल पहाटेपासून गळते आणि ऊन चढेपर्यंत गळत राहते. ओल्या फुलात बहुतांश पाणी असते, पाच किलो वेचले तर सुकून जेमतेम किलोभर उरते. किलोभर ओल्या फुलांसाठी शेकडो वेळा हात जमिनीला लावायचा, तोही कमरेत वाकून. महिनाभर रोज असे केल्यावर कंबर धरली तर त्यात नवल काय?

यावर साधा उपाय जाळीचा आहे. एक सेंटिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी झाडाच्या घेराखाली मांडीइतक्या उंचीवर खुंट्यांना ताणून बांधायची. मधला भाग किंचित खोलगट ठेवला की फुले तिथे गोळा होतात आणि उभ्यानेच टोपलीत ओढता येतात. मोठ्या झाडाला दोन-तीन तुकडे लागतात. जाळी ढिली राहिली तर फुलांचा ढीग साचतो, खालची फुले दमट राहून आंबतात. ती सरळ जमिनीवर पसरली तर माती आणि उधई लागते. जुन्या लुगड्यानेही काम भागते, पण दवाने ते भिजते आणि फूल चिकटते. वेचणी संपली की जाळी गुंडाळून ठेवावी, नाहीतर गुरांचे पाय अडकतात.

जाळीचा दुसरा फायदा आगीचा. फूल स्वच्छ दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. दुपारी वारा सुटला की ती आग जंगलात शिरते. धूर बायांच्या छातीत जातो तो वेगळाच. राख-माती लागलेल्या फुलाला व्यापारी भाव पाडून मागतो, आणि वाईनला तर असले फूल चालतच नाही, धुराचा वास शेवटपर्यंत उतरत नाही.

आता वेळेचे. अस्वलाला मोहफूल फार आवडते आणि तेही पहाटेच येते. वाघाच्या पट्ट्यात वाकलेला माणूस दुरून चौपायी जनावरासारखा दिसतो. म्हणून नीट उजाडल्याशिवाय निघू नये. चार-पाच जणींनी मिळून जावे, एकीने उभे राहून चौफेर नजर ठेवावी आणि अर्ध्या तासाने पाळी बदलावी. जिची पाळी, तिची कंबरही तेवढा वेळ सरळ राहते. साप चावला तर दोरी बांधू नये, चिरा देऊ नये. चावलेला हात-पाय हलू न देता रुग्णाला उचलून सरकारी दवाखान्यात न्यावे.

पाण्याचा विषय आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ, ताप आणि दुपारी डोके भणभणणे. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. अंगातले पाणी कमी झाले की या आजारात सांधे आणि हाडे असह्य दुखू लागतात, कधी थेट भरती करावे लागते. घरात हा आजार असेल तर मोह सुरू होण्याआधी रक्त तपासून घ्यावे, आणि जिला आजार आहे तिने उन्हातली फेरी टाळावी. बाकीच्यांनी निघण्याआधी दोन ग्लास आणि पुढे दर अर्ध्या तासाला घोट-घोट पाणी प्यावे. सोबत पेज किंवा आंबील असेल तर उत्तम, त्यात मीठ पडलेले असते. घाम फार गेला, हगवण लागली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचाच घ्यावा. मीठ जास्त पडले तर ते पाणी उलट अपाय करते. ऊन लागून बाई असंबद्ध बोलू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर पाजत बसू नका. सावलीत आडवी करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध हरपत असताना तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

शेजारच्या जिल्ह्यांत किंवा नाशिककडे वायनरीच्या कामाला जाणाऱ्या मुलींनाही एक सांगितले पाहिजे. रस आंबताना कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) निघतो. एक लिटर द्राक्षरस पुरता आंबला तर साधारण पन्नास लिटर वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि तळघरात साचतो. टाकी धुवायला आत उतरलेली व्यक्ती काही श्वासांतच कोसळू शकते, आणि तिला वाचवायला धावलेली दुसरीही. पंखा लावून हवा खेळती केल्याशिवाय, मीटरने हवा तपासल्याशिवाय, बाहेर माणूस उभा असल्याशिवाय उतरायचे नाही. मालक रागावला तरी नाही. वाईन टिकवायला वापरतात त्या गंधकाच्या वायूने दमा उसळतो, तेव्हा दम्याच्या मुलीने ते काम मागूनही घेऊ नये. चव घ्यायचे काम असेल तर घोट थुंकून टाकायचा असतो, तीच तिथली रीत आहे. गरोदर बाईने तर चवही घेऊ नये.

आता मनाचे. टोपली डोक्यावर घेण्याआधी झाडाला टेकून दहा श्वास घ्यावेत, आत घेताना चारपर्यंत आणि सोडताना सहापर्यंत मोजावे. छातीची धडधड उतरते आणि घाईत पाय मुरगळत नाही. पंधरा किलोच्या वर टोपली भरू नये, दोन फेऱ्या परवडतात. पण घरात रोज दारू पिऊन मारणारा असेल तर श्वास मोजून काय होणार? तिथे महिलांसाठीचा 181, तातडीला 112 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक वेचणी गटातल्या प्रत्येकीला पाठ हवेत. फुलांचे पैसे तिच्याच खात्यात पडावेत. बहुतेकींची झोप याच गोष्टीने उडालेली असते, पण शिबिरात हा विषय निघत नाही.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून 5 टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा पैसा मिळतो. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलासारख्या लाकूड सोडून इतर जंगली उत्पन्नावर, मालकीही ग्रामसभेची आहे. जाळ्या, पाण्याचे कॅन आणि आडोशाच्या ताट्या यांचा ठराव माघातल्या ग्रामसभेत व्हावा. शिमगा झाला की फूल गळू लागते, आणि खरेदीची फाईल फिरायला महिना लागतोच.

आपल्या,
वनोपज आणि महिला आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या,
कोरची तालुका, जि. गडचिरोली