कंपायलर लायसन्सचे 450 रुपये कशाचे घेतलेत?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एव्हीआर स्टार्टर किटमधलं सॉफ्टवेअर आणि यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर

नमस्कार,

मी सांगलीत दर रविवारी आठवी ते दहावीच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, फी घेत नाही, त्यांच्यासाठीच तुमच्याकडून एटीमेगा 328पी या एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलर चिपची किट्स मागवली होती. ब्रेडबोर्ड, वायरी, क्रिस्टल सगळं ठीक आहे. तक्रार आहे ती पेनड्राइव्हची आणि प्रोग्रॅमरची, म्हणजे कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या यूएसबीएएसपीची.

बिलात प्रत्येक किटमागे कंपायलर (लिहिलेला कोड चिपला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर) लायसन्स म्हणून 450 रुपये लावलेत. पेनड्राइव्ह उघडला तर एका फोल्डरमध्ये विनएव्हीआर हे विंडोजवरचं एव्हीआर कंपायलरचं पॅकेज, तेही 2010 चं, त्यानंतर त्याचं नवीन व्हर्जन आलेलंच नाही आणि आत्ताच्या विंडोजवर ते प्रोग्रॅम तयार (मेक) करतानाच अडकतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये एका विकतच्या कंपायलरचा क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचा चोरटा उपाय, आणि सोबत सूचना काय तर आधी अँटीव्हायरस बंद करा. अहो हे शाळेतल्या पोरांच्या हातात जाणारं किट आहे, घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर आईवडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात आणि त्यावर तुम्ही अँटीव्हायरस बंद करायला सांगता, याचा मला खरंच खूप राग आलाय.

विनएव्हीआरच्या आत एव्हीआर-जीसीसी हा मोफत कंपायलरच आहे. पेनड्राइव्हचे, कॉपी करायच्या मेहनतीचे पैसे घ्या, जीपीएलची, म्हणजे त्याच्या मोफत लायसन्सची, त्याला हरकत नाही, पण लायसन्स म्हणून घेऊ नका, ते कोणालाच विकत घ्यावं लागत नाही. आर्डुइनो आयडीई हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं की एव्हीआरचा कंपायलर आणि एव्हीआरड्यूड (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं सॉफ्टवेअर) दोन्ही सोबतच येतात, तेही फुकट.

तुमच्या साइटवर लिहिलंय की फ्री कंपायलरला कोड लिमिट (प्रोग्रॅम किती मोठा असावा याची मर्यादा) असते म्हणून लायसन्सवाला घ्या. हे चूक आहे. 2 केबीची मर्यादा 8051 या वेगळ्या चिपसाठीच्या कील कंपायलरच्या इव्हॅल्युएशन व्हर्जनला आहे, कॉलेजात सगळे तेच वापरतात म्हणून तो समज पसरलाय. 8051 लाच एसडीसीसी हा कंपायलर आहे, पूर्ण मोफत, अशी काही लिमिट नाही. पिक चिपा वापरणाऱ्यांना एक्ससी8 कंपायलरचं फ्री व्हर्जन मिळतं, त्यात ऑप्टिमायझेशन (कोड छोटा आणि वेगवान करणं) कमी मिळतं, पण कोड किती मोठा असावा यावर बंधन नाही. नवीन शिकणाऱ्याने आधी चिप ठरवावी आणि मग तिला चालणारा फुकट कंपायलर घ्यावा, एवढं साधं तुम्ही लिहिलंत तरी पोरांचे पैसे वाचतील.

आता प्रोग्रॅमर. नवी 328पी कारखान्यातून 1 मेगाहर्ट्झच्या स्पीडवर सेट होऊन येते, फ्यूज (चिपमधल्या सेटिंग्ज) बदलेपर्यंत बाहेर क्लॉक देणारा क्रिस्टल लावला तरी फरक पडत नाही, आणि प्रोग्रॅमिंगचा क्लॉक तिच्या स्पीडच्या पाव भागापेक्षा कमी लागतो म्हणजे 250 किलोहर्ट्झच्या खाली. तुमचा यूएसबीएएसपी 375 किलोहर्ट्झवर चालतो. एव्हीआरड्यूडमधून कमी करायला गेलं की एससीके पिरियड (प्रोग्रॅमिंगच्या क्लॉकचा कालावधी) सेट होत नाही, फर्मवेअर (प्रोग्रॅमरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बघा असं सांगतो, आणि स्लो क्लॉकच्या जम्परच्या (दोन पिना जोडायच्या टोपीच्या) जागी नुसती दोन भोकं आहेत, पिना बसवलेल्याच नाहीत. 2011 च्या मे महिन्यातलं फर्मवेअर यूएसबीएएसपीच्या मूळ डिझायनरच्या साइटवर फुकट आहे, मी फर्मवेअर भरायचा दुसरा जम्पर जोडून आर्डुइनो ऊनो बोर्डने ते एका प्रोग्रॅमरमध्ये टाकलं आणि त्याच चिपा लगेच प्रोग्रॅम झाल्या. तुमच्या सपोर्टने मात्र चिप खराब आहे, नवीन मागवा असं फोनवर सांगितलं. चिपा चांगल्या होत्या हो! ज्या पोराकडे ऊनो नाही आणि विचारायला कोणी नाही तो तर इलेक्ट्रॉनिक्सच सोडून देईल.

तर सगळ्या किटमागचे 450 रुपये परत करा, उरलेले प्रोग्रॅमर नवीन फर्मवेअर आणि जम्परच्या पिना बसवून बदलून द्या, क्रॅकचं फोल्डर पेनड्राइव्हमधून काढा आणि ज्यांना आधी विकलंय त्यांनाही ते डिलीट करायला कळवा. साइटवरचं कोड लिमिटचं वाक्यही काढा. बिल आणि पेनड्राइव्हचे फोटो सोबत जोडलेत.

नवी बॅच जूनमध्ये सुरू होते, त्याआधी लेखी उत्तर हवं, फोन नको. नाही आलं तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे.

आपला ग्राहक,
सांगली