सायलेन्सरच्या पलीकडेही पाहा

जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची बातमी वाचली. कारवाई योग्यच, पण ती बहुतेकदा दुचाकींपाशी थांबते. टर्बो इंजिनाच्या महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा पाइप) बदलताना अनेकदा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढला जातो. ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, सॉफ्टवेअरही असे बदलतात की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागू नये. मग आवाज वाढतोच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड थेट हवेत जातात. यातले नायट्रोजन ऑक्साइड पीयूसी चाचणीत मोजलेच जात नाहीत! मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोटीच्या गाडीवाल्याला या दंडाचे काय? तपासणी हे भाग उघडपणे बसवून देणाऱ्या गॅरेजांपासून सुरू करावी.

– एक वाचक, पुणे