खंजिरीवर जमलेली सभा

संपादक महोदय,

परतीच्या पावसात आमच्या युवा संवाद दौऱ्याची गाडी आर्णी तालुक्यातल्या एका पांदण रस्त्यावर रुतली. काळ्या मातीत चाक बसलं की बैलजोडीशिवाय निघत नाही. गावात पोहोचेस्तोवर अंधार पडला, वीजही गेलेली. प्रोजेक्टर पेटीतच राहिला. मग भजनी मंडळातल्या पोरांनी खंजिरी काढली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) याच खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली होती. भजन संपलं आणि पारावर पोरं मोकळेपणी बोलू लागली. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावायचा सराव डांबरी रस्त्यावर करावा लागतो, गुडघे धरतात, मागून ट्रक येतात, मुलींना तर पहाटे निघताच येत नाही. चित्रफीत दाखवली असती तर हे ऐकायला मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय दिवसा ही पोरं भेटलीच नसती, सगळी सोयाबीन सोंगणीला.

दौरे आखणाऱ्यांनी सभा रात्री जेवणानंतर ठेवाव्यात, एका दिवसात चार गावं उरकू नयेत. आणि ग्रामपंचायतींनी पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी धावायला मुरमाची पट्टी तरी करून द्यावी.

– एक शिक्षिका, जि. यवतमाळ