घराण्यातली साखर एकदा नीट तपासा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

तरुण पोराची साखर वाढली की दवाखान्यात दोनच नावं निघतात, टाइप १ किंवा टाइप २. आमच्या घरात तीन पिढ्या असलेला मधुमेह या दोन्हींत बसत नाही. तो एकाच जनुकातल्या दोषामुळे होतो, डॉक्टर त्याला मॉडी म्हणतात. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. बहुधा पंचविशीच्या आतच दिसतो आणि पोरं अंगानं बारीक असतात, म्हणून टाइप १ समजून इन्सुलिन सुरू होतं.

माझ्या मुलीचं तेच झालं. गावात वीज टिकत नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूवरच्या मडक्यात. कॉलेजात डबा खाण्याआधी बाथरूममध्ये जाऊन सुई घ्यायची. तिच्या आजोबांना आणि वडिलांनाही ऐन तरुणपणीच साखर लागली होती, पण केसपेपरवर त्याची नोंद कुणी केली नाही. पुढे एका डॉक्टरांनी घराण्याची सगळी माहिती विचारली, सी-पेप्टाइड (अंगात स्वतःचं इन्सुलिन किती बनतं ते कळतं) आणि अँटिबॉडी (टाइप १ ची खूण) या रक्ताच्या तपासण्या केल्या, मग जनुक तपासणी सांगितली. त्यासाठी आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलं. दोष एचएनएफ१ए जनुकात निघाला. आज ती ग्लिक्लाझाइडच्या गोळीवर आहे, साखर आटोक्यात आहे, सुई बंद आहे.

मॉडीचाच दुसरा एक प्रकार जीसीके जनुकाच्या दोषाचा. तो असेल तर साखर जन्मापासून थोडीशीच चढी राहते आणि गरोदरपण सोडलं तर बहुतेकांना औषध लागतच नाही. तरी त्यांना गोळ्या दिल्या जातात, आणि मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडतं ते वेगळंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर जनुक तपासणी व्हायलाच हवी. केसीएनजे११ या जनुकाचा अशा बाळांच्या मधुमेहाशी असलेला संबंध २००४ साली उघड झाला, आणि तो दोष असलेली बरीच बाळं इन्सुलिन सोडून गोळीवर येतात.

साहेब, तरुण रुग्णाच्या केसपेपरवर आईवडील, आजीआजोबा, भावंडं यांना कोणत्या वयात साखर लागली हे लिहिणं सक्तीचं करा. याला पैसा लागत नाही. सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडी तपासण्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत व्हाव्यात. त्यात संशय आला तर जनुक तपासणीचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मिळावा. घरातल्या एकाचा दोष सापडला की बाकीच्यांचा तेवढाच भाग तपासायचा असतो, त्याला खर्चही कमी येतो.

हे पत्र वाचून कुणी आपल्या मनानं इन्सुलिन थांबवू नये. टाइप १ च्या मुलाचा त्यात जीव जातो. म्हणूनच ही तपासणी सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून व्हायला हवी.

माझा पुतण्या नववीत आहे, हल्ली त्याला सारखी तहान लागते. त्याच्या बापाकडे गहाण टाकायलाही काही नाही. ही तपासणी योजनेत कधी येणार, ते जाहीर करावे ही विनंती.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक आई